काठावरच्या चपला

बल्लारपूरच्या त्या सहा गल्ल्यांत देवानंद मारबतेला नावानं कोणी ओळखत नाही. ‘नळवाले भाऊ’ म्हटलं की झालं. पहाटे पाचला सायकलच्या दांडीला बांधलेली लोखंडी चावी, छातीएवढी उंच, खणखणत आली की बाया उठतात आणि नळाखाली गुंड-हंडे लावतात. तो रस्त्यावरचं झाकण उचलतो, खड्ड्यात चावी उतरवतो, अठरा आटे मोजून फिरवतो आणि पाइपातून पाणी धावल्याचा आवाज आला की पुढच्या गल्लीला लागतो. अठरा म्हणजे अठरा. सोळावर सोडलं तर टोकाच्या घरची धार करंगळीएवढी होते, आणि तिथली सुकरीबाई दुपारपर्यंत त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करते.

असा हा लोकांच्या दारी पाणी पोचवणारा माणूस चार वर्षं स्वतः पाण्यात उतरला नव्हता. गल्लीत हे कोणाला ठाऊक नव्हतं. रिंकूला, त्याच्या बायकोला, तेवढं ठाऊक होतं, आणि ती ते देवीखेरीज कोणापाशी बोलली नव्हती.

देवानंद ढिवराचा पोर. गाव गडचिरोलीच्या अंगाला, वैनगंगेपासून कोसभर आत. तिथं मोठा तलाव आहे आणि त्यावर दोन गावांची मिळून मासेमारीची संस्था. संस्थेचं कामकाज कागदावर असतं तेवढं असतं, पण खरा कायदा तलावाच्या पाळीवरचा, म्हणजे बांधावरचा. पाण्यात उतरताना प्रत्येकानं आपल्या चपला पाळीवर ओळीनं काढायच्या. जाळं ओढून झालं, मासळीचे हिस्से पडले, माणसं घराकडं निघाली, की सगळ्यांत शेवटी जो निघेल त्यानं ती ओळ पाहायची. ओळ रिकामी तर पाणी रिकामं. जोड उरली तर माणूस उरला.

आणखी एक रीत होती. कोणी पाण्यात हरवला तर सारा गाव शोधाला उतरायचा, आणि त्या दिवशी जाळं कोरडं राहिलं तरी शोधाला उतरलेल्याचा हिस्सा कापायचा नाही. पुढच्या मासळीतून तो आधी बाजूला निघायचा. हिस्से वाटायचं काम बापूजींकडं, म्हणजे रिंकूच्या वडिलांकडं होतं. तराजूत बोटभर इकडंतिकडं झालेलं त्यांना खपायचं नाही, पण शोधाचा दिवस त्यांनी कधी कापला नाही.

सहा वर्षांमागं, दिवाळीनंतरच्या आठवड्यात, देवानंद सुट्टीवर गावी गेला होता आणि हौसेनं भावाबरोबर जाळ्याला उतरला होता. संध्याकाळी पाळीवरून शेवटचा निघाला तोच. ओळीत एक जोड उरली होती. निळ्या पट्ट्याची, उजवीची टाच झिजलेली. चपला मनसारामच्या, धाकट्या भावाच्या, हे त्यानं ओळखलं होतं. पण मनसाराम अर्ध्या वेळा अनवाणीच घरी जायचा. शिवाय वहीत त्याच्या नावापुढं हिस्सा घेतल्याची खूण होती. ती खूण त्याच्या मेव्हण्यानं हिस्सा उचलून नेला म्हणून पडलेली, हे देवानंदला कुठून माहीत असणार? बस फाट्यावर हॉर्न देत होती आणि सकाळी पाचला बल्लारपुरात चावी फिरवायची होती. त्यानं चपलांकडं पाहिलं आणि बस धरली.

मनसाराम दोन दिवसांनी सापडला. कमळाच्या वेलांखाली, पाळीपासून हाकेच्या अंतरावर. निरोप येताच देवानंद परत गेला होता आणि शोधाचे दोन दिवस तोही उतरला होता. बापूजींनी तिसऱ्या दिवशीच्या मासळीतून त्याचाही हिस्सा काढून घरी पाठवला. तो टोपला त्यानं जसाच्या तसा खड्ड्यात पुरला.

चपला पाहिल्याची गोष्ट त्यानं फक्त रिंकूला सांगितली. त्यानंतर तो पाण्याकडं गेला नाही आणि चार वर्षं मोहाच्या दारूकडं गेला. सकाळचे अठरा आटे तेवढे चुकले नाहीत. बाकी सगळं चुकलं.

त्यातून त्याला बाहेर ओढणारा माणूस आदेश सर. हे चंद्रपूरच्या एका शाळेत खेळ शिकवतात आणि बल्लारपुरात राहतात. पहाटे सायकलवर निघायचे. छातीएवढं लोखंड बांधलेली गंजकी सायकल रोज आपल्याला मागं टाकून जाते, हे त्यांच्या जिवाला लागलं. ओळख झाली. मग एका रविवारी ते म्हणाले, मला ट्रायथलॉन करायचंय, म्हणजे आधी पोहायचं, मग सायकल, मग धावायचं, मधे बसायचं नाही. तलावात पोहायचा सराव करतो, तुम्ही फक्त काठावर उभे राहा, मला एकट्याला भीती वाटते. देवानंद पाण्याकडं पाठ करून उभा राहिला. तिसऱ्या रविवारी सरांच्या पोटरीत गोळा आला आणि त्यांनी गटांगळी खाल्ली. देवानंद कपड्यांनिशी पाण्यात होता. कसा गेला, कधी गेला, त्याचं त्यालाच कळलं नाही. सरांना काठावर आणून टाकलं, आणि मग तो स्वतःच तिथं बसून लहान पोरासारखा रडला.

त्यानंतर तो उतरायला लागला. पण पाण्याकडं जाताना अनवाणी जायचा. चपला घरीच.

दीड वर्षात दारू सुटली. सरांनी आपली जुनी गिअरची सायकल दिली. ‘अर्धी’ आणि ‘पूर्णी’ हे शब्द घरात रोजचे झाले. अर्धी म्हणजे जवळपास दोन किलोमीटर पोहणं, नव्वद किलोमीटर सायकल आणि एकवीस किलोमीटर धावणं. पूर्णी म्हणजे या सगळ्याच्या दुप्पट, फेब्रुवारीत, दूर कोकणात, समुद्रावर. सर सगळ्यांना सांगायचे, अर्धी ही शर्यत नाही, तालीम आहे. त्यात जिंकायचं काही नाही. अंगाला फक्त सांगून ठेवायचं की पुढं याच्या दुप्पट येणार आहे.

पण देवानंदसाठी ती तालीम राहिली नव्हती. मे महिन्यात सरावाला म्हणून तो भर दुपारी धावला आणि बामणीजवळ रस्त्याच्या कडेला पडला. दोन सलाइन लागल्या. चेहऱ्यावर चादर ओढल्यासारखा तो पांढरा चेहरा रिंकूनं पाहिला. मारबत्यांच्या घरात एक बाई आधीच विधवा होऊन बसली होती, मनसारामची. पुढच्या मंगळवारी रिंकू त्याला चंद्रपूरला महाकालीच्या देवळात घेऊन गेली, ओटी भरली आणि उंबऱ्यावर त्याचा हात धरून देवीला बोलली. अर्धी ठरल्या वेळेत, साडेआठ तासांत, सुखरूप पार केली तर पूर्णीला जायचं. एक मिनिट जरी वर गेलं तरी देवीनं नाही म्हटलं असं समजायचं, आणि सायकल सरांना परत.

घरी आल्यावर तो तिला एवढंच म्हणाला होता, “हे सुटलं तर मी परत तिकडंच जाईन, रिंकू. मले माहीत आहे मी कुठी जाईन.”

पण देवीपुढं बोललेलं ती परत कसं घेणार?

शर्यत नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी होती, मूल गावाच्या पुढं एका मोठ्या तलावावर. आदल्या दिवशी दोघं एसटीनं गेले. शेतं कापून झाली होती, रस्त्यावर धानाचे भारे पसरून चुरणं, म्हणजे मळणी, चाललं होतं. सकाळी तलावावर धुकं आणि थंडी. एकाहत्तर जण, नारिंगी टोप्या घातलेले. काठावरची खडी टोचते म्हणून बहुतेक सगळे चपला घालूनच पाण्यापर्यंत गेले आणि तिथंच इकडंतिकडं काढून उतरले. एक इकडं, एक तिकडं, काही पालथ्या. देवानंदनं तो पसारा पाहिला आणि नजर पाण्याकडं वळवली. तो नेहमीसारखा अनवाणी होता. रिंकू काठावरच्या करंजीखाली बसली होती, पदराखाली हात, ओठ हलत.

सातला शिट्टी झाली.

देवानंदचं पोहणं ढिवराचं. डोकं वर, डोळे चहूकडं. शहरात शिकलेली पोरं तोंड पाण्यात घालून सुळसुळ जातात, त्यांना शेजारी कोण आहे हे दिसत नाही. ढिवराला सगळं दिसतं, म्हणून तो हळू जातो. एकामागून एक नारिंगी टोप्या त्याच्या पुढं गेल्या. त्याला फिकीर नव्हती. एकोणपन्नास मिनिटांत तो बाहेर आला, त्याच्यामागं पाण्यात दोनच जण. मनाशी धरल्यापेक्षा सहा मिनिटं आधी. काठावर चटई अंथरली होती, तिच्यावरून गेलं की पायाला बांधलेल्या पट्टीची वेळ घड्याळात पडते. तो चटई ओलांडून सायकलींकडं धावला. पुढं गेलेल्यांचे घरचे लोक चपला गोळा करत होते. मागचे दोघंही तेवढ्यात आले, आपापल्या चपला पायात सरकवून निघून गेले.

आणि काठावर एक जोड राहिली.

त्यानं ती डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिली. काळी, जाड तळव्याची, शेजारी शेजारी नीट ठेवलेली. पाच पावलं तो तसाच धावला. सहावं पाऊल पडेना.

यादी धरून उभी असलेल्या पुनम नावाच्या कॉलेजच्या पोरीला त्यानं विचारलं, ह्या चपला कोणाच्या. ती म्हणाली, कोणीतरी विसरलं असेल, भाऊ, तुम्ही जा, तुमची वेळ चालू आहे. सगळे बाहेर आले. माझ्या यादीत एकाहत्तरच्या एकाहत्तर खुणा आहेत.

“वहीत खूण त्याची बी होती,” देवानंद म्हणाला.

तिला काय कळणार? तिनं पुन्हा यादी पुढं केली. देवानंदनं करंजीकडं पाहिलं. रिंकू उभी राहिली होती. तिनंही त्या चपला पाहिल्या होत्या. तिनं मनगटावरच्या घड्याळाकडं पाहिलं आणि चालत जाऊन त्या चपलांपाशी खाली बसली.

देवानंद पाण्यात परत शिरला.

मागून शिट्ट्या झाल्या. कोणीतरी भोंग्यावरून ओरडलं, बाद करू म्हणून. त्याला ऐकू येत होतं, पण ते दुसऱ्याच कोणाला तरी सांगताहेत असं वाटत होतं. तो पोहण्याच्या वाटेला बांधलेल्या दोरीच्या कडेकडेनं गेला, श्वास भरून खाली गेला, आणि पायानं तळ चाचपायला लागला. हात नाही, पाय. गढूळ पाण्यात पायाला आधी कळतं, चिखल कोणता आणि माणूस कोणता. वेल लागले. काहीतरी कडक लागलं आणि त्यानं वाकून ते दोन्ही हातांनी चाचपलं. लाकूडच होतं.

वर आला तर समोर डोंगा. मदतीसाठी म्हणून ठेवलेला तिथलाच ढिवर, वारलू नावाचा म्हातारा, वल्हं धरून बसलेला. त्यानं भोंग्याकडं पाहिलं नाही.

“काय झालं जी?” त्यानं विचारलं.

“चपला उरल्या.”

वारलूनं लगेच डोंगा वळवला आणि बांबू तळाला लावत वेलांच्या बाजूनं निघाला. सकाळपासून तोही सगळ्यांना पाहत होता, कोणी बुडालं नाही हे त्याला ठाऊक असणार. पण चपला उरल्या म्हटल्यावर ढिवर वाद घालत नाही.

देवानंद खाली जात होता, वर येत होता. किती वेळा, ते त्यानं मोजलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा तो मोजायचं विसरला होता. आई महाकाली, आज तरी हाताला लागू दे, आणि लगेच, नको लागू देऊ, असं दोन्ही एकाच श्वासात. शेवटी काठावरून पुनमच्या हाकेचा सूर बदललेला ऐकू आला. ती गुडघाभर पाण्यात येऊन हात हलवत होती. सगळ्या सायकली गेल्या, भाऊ, मी मोजून आली, स्टँडवर फक्त तुमची एक उरली आहे.

सायकली. त्यानं ते दोनदा मनात फिरवलं. पाण्यातल्या माणसाची सायकल कशी जाईल? सगळ्या सायकली गेल्या, म्हणजे सगळी माणसं गेली. ओळ रिकामी होती. उरलेली एक सायकल त्याची स्वतःची होती.

सव्वीस मिनिटं गेली होती.

भोंगेवाल्यांनी आपसात कुजबुज केली आणि त्याला बाद केलं नाही. चटई वेळेत ओलांडलेली होती, जाऊ द्या म्हणाले. पण घड्याळ काही कोणासाठी थांबलेलं नव्हतं. सायकल साडेबारापर्यंत परत आली पाहिजे, आणि सगळं मिळून साडेतीनपर्यंत. ओल्या अंगावर शर्ट अडकत होता, बोटांना बूट ऐकत नव्हते. रिंकू अजून चपलांपाशीच बसली होती. त्यानं तिच्याकडं पाहायचं टाळलं.

सायकलवर तो आदेश सरांनी शिकवलेलं सगळं विसरला. सरांनी शंभरदा सांगितलं होतं, सायकलवर पाय राखून ठेवा, धावायला लागतील. राखायला वेळ कुठं होता? दोन्ही बाजूंना जंगल, वाघाच्या पाट्या, सूर्य वर चढत चाललेला, आणि तो मान खाली घालून दात आवळून पायडल मारत होता. पंचेचाळीस किलोमीटरवर वळला तेव्हा हिशेब जमतोय असं वाटलं. मग एका गावाजवळ रस्ताभर धान पसरलेलं आलं. त्यावरून गेला आणि साखळी अडकली. धानाची तणस गिअरच्या दात्यांत गुंडाळून बसली होती, सुतळीच्या गुंडीसारखी. खाली बसून नखांनी उपसायला लागला. धान चुरणारी एक बाई जवळ आली, पाहिलं, आणि न बोलता कमरेचा विळा पुढं केला. विळ्याच्या टोकानं तणस कापून काढली. सात मिनिटं. बाईनं विचारलं, एवढी काय घाई जी, कोणी दवाखान्यात आहे का? त्यानं मान हलवली आणि निघाला. पुढं कितीतरी वेळ त्याला वाटत राहिलं की तिनं बरोबरच विचारलं होतं.

बारा वाजून चोवीस मिनिटांनी तो परत आला. सहा मिनिटं राखून. उतरला आणि गुडघे दुमडले. पाय होते, पण त्यांच्यात काही उरलं नव्हतं.

एकवीस किलोमीटर. तलावाच्या कालव्यावरून साडेतीन किलोमीटर जायचं, तेवढंच यायचं, असे तीन फेरे. ऊन नोव्हेंबरचं, पण झाड नाही. तो अठरा-अठरा पावलं मोजून धावायला लागला. अठरा पावलं झाली की पुढची गल्ली. सुकरीबाईचं घर आलं नाही, अजून अठरा. पहिला फेरा धावला. दुसऱ्यात पोटऱ्यांत गोळे यायला लागले आणि आदेश सर समोरून येताना दिसले, शेवटच्या फेऱ्यात. त्यांनी न थांबता विचारलं, पाण्यात काय झालं म्हणे? त्यानं हातानंच, तुम्ही जा, असं सांगितलं.

दुसऱ्या फेऱ्यात वळणावर पाण्याचं टेबल होतं. तिथं एक गोरटेला माणूस डोक्यावर बर्फ चोळत उभा होता, हेमराज म्हणून मूलकडचा कोणी दुकानदार. लोक त्याची मस्करी करत होते. तुझ्यापायी एक जण तलाव ढवळून आला, असं म्हणत होते. हेमराज ओशाळं हसत होता. थंडीनं पाय इतके बधिर झाले होते की चपला घातल्या नाहीत हेच कळलं नाही, असं त्याचं म्हणणं. तेवढ्यात त्यानं देवानंदला ओळखलं आणि त्याचं हसू गेलं.

“भाऊ, माह्या चपलांसाठी गेलते तुम्ही?”

देवानंद त्याच्याकडं पाहत राहिला. राग यायला हवा होता. याच्या विसरभोळेपणात त्याचं सगळं गेलं होतं. कोकण, समुद्र, दीड वर्ष, आणि पुढचं जे काय असेल ते. पण समोर माणूस घामानं निथळत उभा होता, कानामागून बर्फाचं पाणी ओघळत होतं, दमानं छाती वरखाली होत होती. देवानंदनं हात पुढं करून त्याच्या खांद्याला लावला. गरम होता.

“बरं झालं,” तो म्हणाला आणि पुढं निघाला.

मागं वळल्यावर मात्र त्याला कळलं की पाय सुटले. जोर कशाच्या आधारावर टिकला होता कोण जाणे, तो आधार तिथं त्या टेबलापाशीच राहिला. तिसरा फेरा तो धावला नाही, ओढला. दोन वाजून पन्नास मिनिटांनी साडेचार किलोमीटर बाकी होते. धडधाकट माणूस रमतगमत धावूनही ते कापेल. तो दोनदा बसला. एकदा कालव्याच्या काठावर ओकला. देवळाच्या उंबऱ्यावर ठेवलेला आपला हात त्याला डोळ्यांसमोर दिसत होता, बोटं पसरलेली. तीन वाजून तीस मिनिटांनी तो अजून सव्वा किलोमीटर लांब होता.

साडेतीन झाल्याचं त्याला घड्याळ न बघताच कळलं, कारण लांबवर शेवटच्या कमानीपाशी वाजत असलेलं गाणं बंद पडलं.

तिथं थांबला असता तरी चाललं असतं. कोणी विचारलं नसतं. पण थांबून जायचं कुठं? घरी गेल्यावर संध्याकाळ होणार, आणि संध्याकाळी पाय कुठं वळतात ते त्याला ठाऊक होतं. दारूच्या भट्टीचा वास आत्ताच नाकात आला, कालव्याच्या काठावर, भर उन्हात. म्हणून तो चालत राहिला. अठरा पावलं. पुन्हा अठरा.

तीन वाजून सत्तेचाळीस मिनिटांनी तो पोचला. हवा भरलेली कमान खाली बसली होती, दोन माणसं तिची घडी घालत होती. चटई गुंडाळलेली. आदेश सर आणि दहाबारा जण टाळ्या वाजवायला लागले, पण त्याचा चेहरा पाहून थांबले. यादीत पुनमनं त्याच्या नावापुढं काही लिहिलं नव्हतं. पेन धरून नुसती उभी होती.

रिंकू पुढं आली. पाण्याची बाटली दिली, मानेवर ओला पंचा ठेवला. तो खाली मातीत बसला.

“सतरा मिनिटं,” तो म्हणाला. “सतरा मिनिटं वर गेली. उद्या सरांले सायकल देऊन देतो.”

ती त्याच्यासमोर उकिडवी बसली. सकाळपासून तिच्या पोटात अन्न नव्हतं, ओठ सुकून फुटले होते.

“पाण्यात किती वेळ गेली?” तिनं विचारलं.

“गेली असंन. आता काय करतं त्याचं?”

“मी मोजली. सव्वीस.”

“मंग?”

“शोधाची वेळ कापत नाईत. बापूजींनं कधी कापली का?”

त्यानं मान वर केली. तिच्या चेहऱ्यावर समजूत काढल्याचं काही नव्हतं. हिस्सा वाटताना तिच्या बापाचा चेहरा असायचा, तसा होता. साडेआठात सतरा मिळव आणि सव्वीस काढ, तिनं बोटांवर मोजून दाखवलं. आठ तास एकवीस मिनिटं. नऊ मिनिटं उरतात.

“देवीपुढं साडेआठ म्हटलं होतं, रिंकू. घड्याळाचे साडेआठ.”

“मी म्हटलं होतं. तुमचा हात धरून मीच बोलली. तिले काय सांगाचं ते मी सांगीन, मंगळवारी जाऊन.” मग खालच्या आवाजात म्हणाली, “आन् त्या दिवशी बी बस नसती तर तुम्ही गेलेच असते. मले आज दिसलं.”

सहा वर्षांत हे वाक्य त्याला कोणी म्हटलं नव्हतं. ते खरं की खोटं, ते आता कोणीच सांगू शकत नाही. तिलाही ते ठाऊक होतं आणि त्यालाही. मनसाराम काही त्यानं परत येणार नव्हता. देवानंदनं पंचा तोंडावर ओढून घेतला आणि तसाच बसून राहिला. त्याच्या पाठीचे मणके शर्टाखाली हलत होते.

आदेश सर जवळ येऊन परत गेले.

ऊन कलल्यावर ती त्याला उठवायला लागली. मूलहून शेवटची एसटी चुकली तर सकाळची चावी चुकेल. पाय सुजले होते, म्हणून बूट काढून हातात घेतले आणि तो उठला, दुसरा हात तिच्या खांद्यावर. वाटेवर काठाची ती जागा आली. हेमराजच्या चपला तिथं नव्हत्या, त्यानं नेल्या होत्या. खडी पायाला टोचत होती आणि देवानंद लंगडत होता. रिंकू त्याच्या उघड्या तळव्यांकडं पाहत चालत होती. दोन ठिकाणी रक्त आलं होतं.

“तिकडं समुद्रावर रेती राह्यते का गोटे?” तिनं विचारलं.

“रेती राह्यते म्हणते सर.”

“तरी चपला घालून जाजा. काठावर काढजा.” ती पुढं बघूनच बोलत होती. “मी बसून राहीन त्यांच्यापाशी.”